घराकडे तोंड केलेलं मडकं

१२ नोव्हेंबर १९५९, गुरुवार

आलो एकदाचे! दिग्रसला मालमोटार रिकामी केली आणि तिथून सामान दोन बैलगाड्यांत भरलं. पुढच्या गाडीत सौ. विमल पितळेच्या डब्यांना टेकून अशा ऐटीत बसली होती, की जणू गाव तिलाच आंदण मिळालंय. मागच्या गाडीत गाद्यांच्या ढिगावर मी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, गाडीच्या धक्क्यांनी हाडं खिळखिळी होत होती, तरी दोघंही हसत होतो.

निवृत्त झाल्यावर माणसाने राहावं कुठे, यावर आमच्या नागपूरच्या कचेरीत वर्षभर खल चालला होता. बाकीच्यांनी नागपुरातच प्लॉट घेतले, कर्जं काढली, गच्चीची घरं बांधली. वास्तुशांतीला बोलावून प्रत्येकाने मला न्हाणीघरापासून गच्चीपर्यंत फिरवून आणलं. मला त्यांचा हेवा वाटला असं कोणी समजू नये. मला जमीन हवी होती, विहीर हवी होती, आणि सौ.च्या दम्याला गिरणीचा धूर नसलेली हवा हवी होती. मूलबाळ नाही, तेव्हा दोघांपुरतं पुरे. पेन्शनीत बसेल असं हे सगळं यवतमाळ जिल्ह्यात मिळालं, तेही इतक्या स्वस्तात की कोणाला सांगितलं तर थाप वाटेल.

विकणारे नानाजी म्हणून म्हातारे गृहस्थ. रजिस्ट्रीच्या दिवशी डोळ्यांवर पंचा बांधून आले होते, मुलगी बेबीताई हाताला धरून होती. मोतीबिंदू असावा. अंगठा उठवण्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं, "बापूजी, तुम्ही समाधानी मानूस हाय ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, शंभर टक्के. गमतीदार म्हातारा.

१५ नोव्हेंबर, रविवार

घर कौलारू, तीन खोल्यांचं. पुढे पूर्वेला लांबरुंद ओसरी. सकाळी चहा घेऊन आरामखुर्चीत बसलं की समोर आधी आमची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, त्यात एक जांभळाचं झाड, मग धुरा (बांधाला इकडे धुरा म्हणतात), आणि धुऱ्यापलीकडे पूनमसिंगचं शेत. पूनमसिंग जवळच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. हा मात्र शेत सोडून बाजारालासुद्धा नाइलाजाने जातो. त्याची बायको हंसाबाई पहिल्याच दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली, आणि तिची नि सौ.ची गट्टी जमली.

एकच गोष्ट खटकते. धुऱ्यावर, अगदी माझ्या खुर्चीसमोर, बांबूवर एक काळं मडकं उपडं घातलंय. त्याला चुन्याचे डोळे आणि चुन्याचे दात. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून शेतात असं मडकं असतंच, त्यात नवल नाही. पण त्याचं तोंड रस्त्याकडे हवं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे. हे आमच्या घराकडे बघतं. कोणीतरी वेंधळ्याने उलटं लावलेलं दिसतंय.

२२ नोव्हेंबर, रविवार

मडकं काढलं. आठवडाभर सहन केलं, पण चहाचा घोट घ्यायला मान वर केली की ते ध्यान समोर! आधी पूनमसिंगला रीतसर विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या ना बापूजी. नानाजीच्या वक्ताचं हाय. तुमाले काय तरास देऊन राह्यलं?" मी विचारलं, मग माझ्या घराकडे तोंड काहून? तर खाली बघून म्हणाला, तसंच हाय ते. आणि पागोट्याशी चाळा करत उभा राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे दृष्ट माझी लागायची! रस्त्यावरून जाणाऱ्या सोम्यागोम्याची नाही, माझी. नव्या शेजाऱ्याचा हा पाहुणचार. मी त्याच्यासमोरच बांबू उपटला. मडकं फुटलं. निघताना त्याने खापऱ्या वेचून धोतराच्या सोग्यात घेतल्या. त्या जागी झेंडू लावणार आहे.

६ डिसेंबर

आता ओसरीवरून सगळं कसं मोकळं दिसतं. फारच मोकळं दिसतं. पूनमसिंगची पऱ्हाटी छातीला लागते, आमची गुडघ्याला. माती तीच, पाऊस तोच. त्याच्या शेतात पांढरं फटक, आणि आमच्याकडे एकेक बोंड शोधून काढावं लागतं. त्याच्याकडे वेचणीला बायका येतात त्या गाणी म्हणतात, आमच्याकडे येतात त्या उन्हाच्या तक्रारी करतात. मी दिवसभर बघत बसतो. वाईट वाटतं. खोटं कशाला लिहू, हेवा वाटतो.

सौ.ची प्रकृती उत्तम. महिन्यात एकदाही धाप लागली नाही. विहिरीवरून स्वतः घागर आणते. माझे गुडघे मात्र या काळ्या मातीत पार बसले.

२० डिसेंबर

पूनमसिंगच्या पऱ्हाटीवर लाल्या पडला. पानं तांबडी होऊन गळतायत, बोंडं आतल्या आत करपली. तांड्यातली माणसं येऊन बघून गेली. एवढ्या लवकर एवढा रोग त्यांनीही पाहिला नव्हता. हंसाबाई आमच्या ओसरीच्या पायरीवर बसून सौ.पाशी रडली. मीही हळहळलो.

रात्री जेवण मात्र चांगलं गेलं. बऱ्याच दिवसांनी.

१७ जानेवारी १९६०

शंकरपटाला गेलो होतो. संक्रांतीनंतर इकडे बैलांच्या शर्यती लागतात, त्याला शंकरपट म्हणतात. पूनमसिंगची जोडी पहिली आली. त्यातला डाव्या अंगाचा पाखऱ्या नावाचा बैल पांढराशुभ्र, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. लोकांनी गुलाल उधळला, पूनमसिंगला खांद्यावर घेतलं. कापूस गेला तरी या माणसाचं तोंड हसरंच. मी गर्दीत उभा होतो. तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी खांद्यावर घेतलं नाही. निरोपाच्या दिवशी हार मिळाला, तोही आधी साहेबाच्या फोटोला घालून काढलेला.

पाखऱ्याकडे मी खूप वेळ बघत होतो. सौ.ने दोनदा बाही ओढली.

२१ जानेवारी

पाखऱ्या मेला. काल बसला तो उठलाच नाही. गुरांच्या डॉक्टरला काही कळलं नाही.

७ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट पाहिली. जशी पाहिली तशी लिहितो.

पूनमसिंगच्या शेतातून चाललो होतो. दोन्हीकडे लाल होऊन वाळलेली झाडं. मधेच एक पट्टा हिरवागार. त्यावर अजून फुलं, अजून कापूस. पट्टा धुऱ्यापाशी अरुंद, आणि पुढे पुढे रुंद होत जातो. मी त्याच्या टोकाशी उभा राहून मागे वळून पाहिलं. तर समोर धुरा, धुऱ्यापलीकडे आमचं जांभळाचं झाड, आणि त्याच्या खोडामागे आमची ओसरी. खुर्ची दिसेना. थोडं डावीकडे सरकलो, लाल झाडांत, तेव्हा खुर्ची दिसली.

खुर्चीतून झाडाआड जे जे दिसत नाही, तेवढंच वाचलंय.

योगायोग असणार. शिकल्यासवरलेल्या माणसाने असं मनात आणू नये.

१२ फेब्रुवारी

खुर्ची हातभर उजवीकडे घेतली होती. ऊन येत होतं म्हणून.

पट्टा लाल झाला.

आणि खरं लिहायचं तर पहिल्यांदा भीती वाटली नाही. बरं वाटलं.

१३ मार्च, धूळवड

तांड्यावर आम्हा दोघांना बोलावलं होतं. दिवसाउजेडी बाप्ये-बाया गोल धरून लेंगी गात होते. लेंगी म्हणजे यांची होळीची गाणी. पुढे पूनमसिंग. त्याचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. असा खुला, असा कसदार आवाज! बैल मेला, कापूस गेला, आणि हा माणूस गातोय. सौ. तर बायकांत जाऊन नाचली. तांड्याची पोरं तिला 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. मला कोण ओळखतं? दोघातिघांनी विचारलं, "तुम्ही विमलताईचे मालक ना?" कचेरीत माणसं मी आत आलो की उभी राहायची.

मी पूनमसिंगच्या गळ्याकडे बघत होतो. शीर कशी फुगते ते. नको नको म्हणत बघत होतो.

१६ मार्च

पूनमसिंगचा आवाज गेला. घशातून नुसती हवा येते. हंसाबाई सौ.ला सांगत होती, मी आतून ऐकलं. थंडीचं दुखणं नाही, ताप नाही.

तिने सौ.ला आणखी काहीतरी हळूच सांगितलं. सौ. आत आली ती माझ्याकडे न बघता चुलीपाशी गेली.

२७ मार्च

सर्व्हिस मोटारीने घाटंजीला जाऊन आलो. बेबीताईच्या घरी नानाजींना गाठलं. मी पायरी चढलो तसं त्यांनी माझं पाऊल ओळखलं की काय कोण जाणे, नातवाला आत न्यायला सांगितलं. मग म्हणाले, मडकं काढलं ना?

मडकं पूनमसिंगने नव्हतं लावलं. नानाजींनी स्वतः लावलं होतं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "त्या ओसरीवर बसलं का मानसाले आपलं दिसतच नाई, दुसऱ्याचंच दिसते. नजर पहिले मडक्यावर पडली का तिथंच मरते. म्हणून त्याचं तोंड घराकडं. पूनमसिंगले सारं ठाऊक होतं. पर शेजाऱ्याच्या तोंडावर तो कसा म्हणन, का तुमची नजर वाईट हाय?"

मी म्हटलं, मग झालं तर, उद्याच दुसरं लावतो. ते हसले. म्हणाले, "शेतासाठी ठीक. घरातल्या मानसाच्या आडवं कोणतं मडकं लावसान?"

त्यांची बायको धुरपताबाई. ती पडल्या पडल्या झोपायची, यांना झोप नव्हती. "मी तिच्याकडं पाहत बसो. म्हणो, हिले कशी झोप येते, मले काहून नाई? तेवढंच. एक दिवस सकायी उठलीच नाई ती." मग बेबीताईला मुलगा झाला. नातवाचं तोंड बघायला या म्हणून तिने निरोप धाडला. हे निघाले, दारापर्यंत आले, परत फिरले आणि पानाच्या डब्यातला चुना दोन्ही डोळ्यांत भरला. मोतीबिंदू नाहीच. नातू आता रांगतो. ते त्याचा नुसता आवाज ऐकतात.

मी विचारलं, गाव सोडून का नाही गेलात? म्हणाले, सोडून पाहिलं होतं, नजर संगं आली. मी चिडलो. विकताना सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, "दोनदा इचारलं ना बापूजी. मले वाटलं, पेन्शनवाला मानूस, बाई हसतमुख, याले कोणाचा हेवा असन?"

२८ मार्च

नवं मडकं आणलं. चुन्याने डोळे, दात काढले. तोंड घराकडे. एक डोळा खाली ओघळला. खुर्ची ओसरीवरून उचलून आत ठेवली.

पूनमसिंगने पाहिलं. लांबूनच हात जोडले.

९ एप्रिल

आत बसतो. आत बसलं की विमलच दिसते.

कधी नव्हे इतकी छान दिसते. गालांवर रंग आलाय. उन्हातान्हात हिंडते, विहिरीतून पाणी शेंदते, कुरडया घालते. बसतानासुद्धा माझे गुडघे कुरकुरतात. हे घर मी शोधलं. मी खेटे घातले. हवा मात्र मानवली तिला, माणसं मिळाली तिला. रस्त्यावरून हाक येते ती 'विमलताई', माझ्या नावाने कोणी दार वाजवत नाही.

नाही. हे लिहायचं नव्हतं. मला ती हवी आहे. तिच्यासाठीच आलो ना इथे.

१२ एप्रिल

विमलला पहाटे धाप लागली. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. धूळ गेली असेल. धूळच असेल.

१५ एप्रिल

ओठ निळसर. वाक्य पुरं बोलवत नाही. दिग्रसच्या डॉक्टरांनी सुई दिली. म्हणाले, हवापालट करा.

हवापालट!

मी उशाशी बसून तिचा हात धरतो. मान खाली घालतो. तिला वाटतं मी रडतोय. "अहो, वर बघा ना," म्हणते. "बरी होईन मी. बघा ना माझ्याकडे."

१६ एप्रिल

तिला भावाकडे नागपूरला पाठवतो म्हटलं. नाही म्हणाली. नागपूरच्या धुरात मी मरेन म्हणाली. मी जातो म्हटलं. तर रडायलाच लागली — मग आणखी धाप —

सांगून टाकलं सगळं. पट्टा, पाखऱ्या, नानाजी. तिला आधीच ठाऊक होतं. हंसाबाईने होळीनंतरच सांगितलं होतं. तरी जेवायला वाढताना समोर बसायची. रोज.

१७ एप्रिल

डोळ्यांवर उपरणं बांधलंय. विमलनेच गाठ मारली. चाचपत लिहितोय, ओळी एकमेकींवर चढत असतील.

२३ एप्रिल

धाप गेली. श्वास ऐकतो. स्वच्छ. काल भाकरी थापली तिने. टपटप आवाज येत होता. माझी विमल. देवा, माझी विमल वाचली.

नानाजींसारखं करायची गरज नाही. उपरणं पुरे. असंच राहीन. आंधळी कोशिंबीर. तिला म्हटलं तर हसली.

१ मे

तांड्यावर पेढे वाटले. महाराष्ट्र राज्य झालं. विमलने पेढा भरवला. ती, हंसाबाई, सगळ्या अंगणात. पूनमसिंगही आलाय. घसा थोडा खुलला म्हणतात. सगळ्यांचं सगळं परत येतंय. माझं काय परत येणार —

हसतायत. कशाला हसतायत?

३ मे

दिवसभर बाहेर असते. आत येते, पाणी देते, जाते. आता मुद्दाम लांब राहते की काय? भीती वाटते म्हणते तिला, माझी नाही, गाठ सुटेल याची.

बाहेर तिचं हसणं. इतकी नागपूरला कधी हसली नाही. माझ्याबरोबर तर —

तिला दिसतं. ऊन दिसतं, झाडं दिसतात. मी इथे काळोखात, आणि तिला —

नुसतं ऐकूनसुद्धा होतं का असं? नानाजींना विचारायला हवं होतं.

४ मे

सकाळी पुन्हा खोकला. साधा आहे म्हणाली. मला आवाज कळतो. साधा नाही.

उपरणं पुरत नाही. गाठ कधीही सुटू शकते. मीच सोडीन, मला मी माहीत आहे.

पानाचा डबा चाचपून घेतला. चुन्याची डबी भरलेली आहे. विमलला सांगितलं नाही. ती अंगणात मिरच्या वाळत घालतेय. आता करून टाकतो. तिच्यासाठी. एवढं एक तरी —

अक्षर सरळ आलं. उपरणं सोडलंय.

एकदाच. तीस वर्षांचा संसार, शेवटचं एकदा तिला डोळे भरून बघू नये का? डबी उघडी आहे, बोटावर चुना घेतलाय. खिडकीतून दिसते. हिरवं लुगडं. समोर लाल मिरच्या, सगळीकडे ऊन. हंसाबाई काहीतरी म्हणाली, ती हसली. किती छान दिसते. माझ्याहून किती तरुण. ती उन्हात आणि मी आता जन्मभर — तिला हे सगळं दिसत राहणार, आणि मला —

नको. चुना. आत्ता —

हसता हसता थांबली. छातीवर हात. इकडे बघतेय, खिडकीकडे. मला बघितलं तिने. माझे उघडे डोळे —

विमल, तिकडे बघ, माझ्याकडे नको, मी डोळे मिटतो, मिटत नाहीत, मिटत ना